घाटात इंजिन ओरडते, गाडी मात्र चढत नाही : जुन्या मारुती 800 चा क्लच

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाईतल्या एका गृहस्थांकडे 1997 ची मारुती 800 आहे, कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची. गेल्या महिन्यात घरची चार माणसे घेऊन पसरणी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढत गेला, पण गाडीचा वेग वाढेना. पाचगणीला पोहोचेपर्यंत जळका वास आत येऊ लागला. एका गॅरेजने सांगितले, "क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळा सेट बदला." दुसऱ्याने सांगितले, "नुसती वायर अ‍ॅडजस्ट करून देतो." यांतले खरे कोणाचे, आणि गाडी तोवर चालवावी का?

दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसेल. फक्त गाडीला हात लावण्याआधी दोघांनीही पॅडलची ढिलाई मोजली का, एवढे मला विचारावेसे वाटते. तीस वर्षे हेच काम करतोय. स्लिप मारणाऱ्या, म्हणजे पकड सुटून घसरणाऱ्या क्लचचा निम्मा निकाल गिअरबॉक्स न उतरवता, पॅडलशेजारी उभी धरलेली एक मोजपट्टी देते.

आधी हे नक्की करू की दुखणे क्लचचेच आहे. "गाडी ओढत नाही" या तक्रारीमागे चार-पाच कारणे असू शकतात. कार्ब्युरेटरमध्ये कचरा असेल, पॉइंटची गॅप बिघडली असेल, एक प्लग मेला असेल किंवा मागचे ब्रेक घासत असतील, तरी गाडी चढत नाही. पण या सगळ्यांत इंजिनसुद्धा दबलेले असते, आवाज भारी आणि खालचा येतो. क्लच स्लिप मारतो तेव्हा उलटे होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन मोकळे झाल्यासारखे वर पळते आणि गाडी तिथेच रेंगाळते. तुमच्या गाडीत इंजिनचे फेरे दाखवणारा काटा नाही, त्यामुळे कानावरच भिस्त ठेवा. काच खाली करा, रेडिओ बंद करा.

वाई-सुरूर रस्त्यावर सकाळी गर्दी नसताना चौथ्या गिअरमध्ये ताशी 40 च्या आसपास चाला आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. क्लच चांगला असेल तर गाडी कुरकुरत, हळूहळू वेग घेईल आणि आवाज वेगाच्या हिशेबानेच वाढेल. स्लिप असेल तर आवाज आधी उडी मारेल आणि वेग मागून येईल. ही तपासणी पहिल्या गिअरमध्ये करून काही कळत नाही. पहिल्यात गाडी हलकी होऊन पटकन पळते, क्लचवर ताण टिकून राहत नाही. वरच्या गिअरमध्ये इंजिनचे फेरे चटकन वाढू शकत नाहीत, त्यामुळे इंजिनचा सगळा जोर क्लचमधूनच जावा लागतो. म्हणून स्लिप आधी चौथ्यात दिसते, मग तिसऱ्यात. पहिल्या-दुसऱ्यातही दिसू लागली म्हणजे प्लेट संपत आली. तुमची तिसऱ्यात, घाटात, भरल्या गाडीत दिसली. अजून हातात थोडा वेळ आहे, फार नाही.

उभ्या गाडीची चाचणी सगळ्यांना माहीत असते, पण ती नीट करणारे कमी. सपाट जागा बघा, मागच्या चाकांना दगड लावा, गाडीसमोर कोणी उभे राहू देऊ नका. हँडब्रेक पूर्ण ओढा, पायाने ब्रेकही दाबून धरा. चौथा गिअर टाका आणि क्लच नेहमीच्या गतीने सोडा. इंजिन तत्काळ बंद पडले पाहिजे. पॅडल पूर्ण सुटूनही इंजिन चालू राहिले तर क्लच धरत नाही हे नक्की. लगेच क्लच दाबून इंजिन बंद करा. ही चाचणी एकदाच करायची. लोक खात्रीसाठी पाच-सहा वेळा करतात आणि उरलेली प्लेट त्यातच जाळतात. ब्रेकवर पाय ठेवायला सांगतो त्याचेही कारण आहे. जुन्या 800 चा हँडब्रेक बहुधा सैल असतो, त्यामुळे गाडी पुढे सरकते, इंजिन बंद पडत नाही आणि निदान चुकते.

आता मूळ मुद्दा, पॅडलची ढिलाई. गाडी बंद ठेवा, खाली वाकून पॅडल हाताच्या बोटाने दाबा. पायाने दाबू नका, पायाला हा फरक कळत नाही. सुरुवातीला पॅडल अगदी हलके जाते, मग एका ठिकाणी जड लागते. त्या जड जागेपर्यंतचे अंतर म्हणजे ढिलाई. तुमच्या गाडीत ती साधारण 20 ते 30 मिलिमीटर हवी. वर हात लावल्याबरोबर पॅडल जड लागत असेल, तर पाय पॅडलवर नसतानाही क्लच थोडासा दाबलेलाच आहे असे समजा.

ही ढिलाई आपोआप कमी होते, आणि ती कशी होते हे समजले की बाकीचे सगळे समजते. क्लच प्लेट ही फ्लायव्हील (इंजिनबरोबर फिरणारे जड चाक) आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये चिमटलेली असते. चिमटा धरून ठेवते ती डायफ्रामची स्प्रिंग, ताटलीच्या आकाराची, मधोमध बोटांसारखे तुकडे असलेली. पॅडल दाबले की रिलीज बेअरिंग त्या बोटांना आत ढकलते आणि बाहेरची कड उचलली जाते. मधली प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, आणि तरफेसारखी बोटे उलट्या दिशेला, बेअरिंगकडे येतात. म्हणजे प्लेट जितकी झिजेल तितकी ढिलाई कमी होत जाते. शेवटी बोटे बेअरिंगला टेकतात. त्यानंतरची झीज झाली की स्प्रिंग पूर्ण बसूच शकत नाही, कारण बेअरिंग तिला अडवून धरते. पकड कमी झाली की स्लिप सुरू होते, स्लिपने उष्णता वाढते, उष्णतेने झीज आणखी वेगाने होते. चांगली जाड प्लेट केवळ ढिलाई न दिल्यामुळे दोन-तीन महिन्यांत संपलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे.

म्हणून स्लिप मारत असेल तर पॅडलपासून क्लचपर्यंत जाणारी वायर सैल करायची असते. हे मुद्दाम ठासून सांगतो, कारण "क्लच टाइट करून द्या" हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येते. गिअर टाकताना खरखर होत असेल, क्लच पूर्ण सुटत नसेल, तर वायर ओढून घ्यायची. क्लच धरत नसेल तर ढिली करायची. दोन्ही दुखणी एकमेकांच्या उलट आहेत. गिअर जड पडतोय म्हणून कोणीतरी वायर जास्त ओढलेली असते आणि पुढच्या महिन्यात गाडी स्लिपची तक्रार घेऊन येते. तुमच्या गाडीचे असे काही झाले होते का, ते आठवून बघा.

अ‍ॅडजस्टमेंट बॉनेट उघडून करता येते. गिअरबॉक्सवरच्या क्लच लिव्हरपाशी वायरच्या टोकाला आटे आणि त्यावर नट असतो. आधी आट्यांवर डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल टाकून दहा मिनिटे थांबा. नट सैल करत जा, मध्येच पॅडलपाशी जाऊन पट्टीने मोजा. 20 ते 30 मध्ये आले की थांबा. मग इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाकून बघा. 800 च्या रिव्हर्सला सिंक्रोमेश (गिअर न खरखरता जुळवून घेणारी रचना) नाही, त्यामुळे क्लच जराही अडकत असेल तर तो खरखरून लगेच सांगतो. खरखर न करता रिव्हर्स पडला तर अ‍ॅडजस्टमेंट बरोबर आहे.

नटाला हात घातलाच आहे तर त्यापुढे किती आटे शिल्लक आहेत ते नीट बघून ठेवा. सैल करायला अजून भरपूर जागा असेल तर प्लेटमध्ये जीव आहे. नट अगदी टोकाला आला तरी ढिलाई मिळत नसेल तर प्लेट संपली, पुढे अ‍ॅडजस्ट करायला काही उरलेले नाही. अपवाद एकच, मध्ये कोणी दुसऱ्याच मापाची स्वस्त वायर बसवलेली असेल तर हा हिशेब चुकतो.

ढिलाई बरोबर असूनही स्लिप होत असेल तर वायरकडेच पुन्हा बघा. वायर आतून गंजली किंवा तिचे पदर तुटून फुगले की पॅडल खाली जाते, पण वर येताना अडखळते. कोणाला तरी पॅडल दाबून सोडायला सांगा आणि तुम्ही बॉनेटमधून लिव्हर बघा. पॅडलबरोबर ती झटकन परत आली पाहिजे. वायर काढूनही लिव्हर हाताने जड फिरत असेल तर दोष आतल्या शाफ्टच्या बुशमध्ये आहे. पायाखालची जाड रबरी मॅटसुद्धा बघा. एका गाडीचे काम फक्त मॅट काढून झाले होते. मॅटची मागची कड वळून पॅडलच्या दांड्यामागे अडकत होती.

नवीन वायर वर्षभरात पुन्हा जड होत असेल, विशेषतः तिचे आवरण आतून वितळलेले दिसत असेल, तर इंजिनची अर्थिंगची पट्टी तपासा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन-गिअरबॉक्सला येणारी ही पट्टी तुटली किंवा गंजली की स्टार्टरचा मोठा करंट परतीसाठी दुसरा रस्ता शोधतो. तो कधी क्लच वायरमधून जातो, कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या वायरमधून. वायर तापते, आतले प्लास्टिक वितळते. दोन-तीन वायरी बदलून झालेल्या गाड्यांमध्ये मी हे पाहिले आहे. वायर बदलण्याआधी पट्टीची दोन्ही टोके घासून घट्ट करा.

बोलेरो किंवा सुमोवाले कोणी हे वाचत असतील तर त्यांच्याकडे वायर नाही, तेल आहे. तिथे मास्टर सिलेंडरची दांडी जास्त बाहेर काढलेली असेल तर आतले छोटे छिद्र उघडत नाही, तेल परत टाकीत जात नाही आणि क्लच अर्धवट दाबलेला राहतो. रबर फुगले किंवा होज आतून बंद झाला तरी हेच होते. स्लिप सुरू असताना गिअरबॉक्सपाशी असलेल्या स्लेव्ह सिलेंडरची ब्लीड स्क्रू (तेलातली हवा काढायचा स्क्रू) जराशी उघडून बघा. तेल जोरात उडाले आणि स्लिप थांबली तर दोष प्लेटचा नाही, तेलाच्या वाटेचा आहे.

आता तेल लागलेली प्लेट. यावर थोडे जास्त लिहितो, कारण सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः इथे चुकलो होतो. एका गाडीची प्लेट बदलून दिली, स्लिप थांबली, गिऱ्हाईक खूश. दीड महिन्याने गाडी पुन्हा आली. गिअरबॉक्स उतरवला तर नवी प्लेट तेलाने काळी झालेली. क्रँकचे मागचे ऑइल सील झिरपत होते आणि मी ते पाहिले नव्हते. दुसऱ्यांदा सगळा खर्च मी केला. तेव्हापासून जुनी प्लेट हातात आली की आधी तिचा वास घेतो आणि बोटावर तेल चोळून बघतो. इंजिन ऑइल पातळ आणि काळे असते, तो दोष क्रँकच्या सीलचा. गिअर ऑइल दाट, चिकट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, तो दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचा. गिअरबॉक्स उतरवण्याआधीही अंदाज येतो. बेल हाउसिंगच्या तळाशी, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे तेलाचा थेंब लोंबतोय का बघा. पण घाईने निष्कर्ष काढू नका. वरच्या व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून गळलेले तेलही बाहेरून ओघळत तिथेच जमते. तो भाग डिझेलने स्वच्छ पुसा, दोन दिवस गाडी चालवा, मग परत बघा.

तेल लागलेली प्लेट पेट्रोलने धुऊन, ब्रेक क्लीनर मारून पुन्हा बसवू नका. प्लेटवरचे घासणारे अस्तर तेल आत शोषून घेते आणि तापले की पुन्हा बाहेर टाकते. पॉलिश पेपर मारून चालवलेली प्लेटही फार दिवस जात नाही.

उतरवायची वेळ आलीच तर काय बघायचे ते सांगतो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कोणालाही खाली जाऊ देऊ नका, स्टँड हवेतच. बेल हाउसिंगमधली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू देऊ नका. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी, तोंडाला मास्क लावावा.

प्लेटच्या अस्तरातून रिव्हेटचे डोके किती खोल आहे ते मोजा. अर्धा मिलिमीटर किंवा कमी उरले असेल तर प्लेट गेली. रिव्हेट फ्लायव्हीलला लागू लागले की फ्लायव्हीलवर गोल चरे पडतात, मग खर्च वाढतो. अस्तर जाड आहे पण काचेसारखे चकाकतेय, तर ती तापून काचाळलेली प्लेट, तिच्यात पकड राहत नाही. प्रेशर प्लेटवर निळे डाग, केसासारख्या चिरा, डायफ्रामच्या बोटांची टोके झिजून खोलगट झालेली किंवा बोटे एका पातळीत नसणे, यांपैकी काहीही दिसले तर ती परत घालू नका. रिलीज बेअरिंग कानाजवळ धरून फिरवा. खरखर असेल तर बदला, नसेल तरी बदला. ते डिझेलमध्ये धुणारे कारागीर आहेत, त्यांना थांबवा, आतले ग्रीस विरघळून जाते.

तिन्ही वस्तू एकदम बदलण्याच्या मी बाजूने आहे. गॅरेजवाला सेट सुचवतो तेव्हा तो लुबाडतोच असे नाही. खरे काम गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याचे आहे, ती मजुरी दोनदा कशाला द्यायची? जुन्या प्लेटला नवे अस्तर रिव्हेट करून देणारे कारागीर आहेत, आणि ज्या गाडीचे भाग मिळतच नाहीत तिच्यासाठी ते देवासारखे आहेत. पण 800 ची नवी प्लेट अजून सहज मिळते, तिच्यासाठी ही वाट धरू नका.

फ्लायव्हील मात्र सगळे विसरतात. त्यावर निळे डाग किंवा चरे असतील तर टर्नरकडे देऊन फेस मारून घ्या, सगळा पृष्ठभाग एकसारखा आणि कमीत कमी काढून. खोल चिरा असतील तर फ्लायव्हीलच बदला. फ्लायव्हील निघाले की क्रँकचे मागचे सील समोर येते. 27 वर्षांहून जुन्या गाडीत ते सील झिरपत नसले तरी बदलून घ्या, सील स्वस्त आहे आणि तिथे पुन्हा पोहोचणे महाग.

बसवताना पाच गोष्टींवर लक्ष ठेवा. प्लेटची स्प्रिंगवाली फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे हवी. उलटी बसली तर क्लच नीट सुटत-धरत नाही आणि सगळे पुन्हा उतरवावे लागते. प्लेट मध्यभागी आणायला जुना इनपुट शाफ्ट किंवा अलाइनमेंटची दांडी वापरा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा, शेवटी सुमारे 23 न्यूटन-मीटर. इनपुट शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावावे, पण बोटाने पुसून काढल्यासारखे पातळ, नाहीतर तेच उडून नव्या अस्तरावर बसते. आणि गिअरबॉक्स चढवताना त्याचे वजन क्षणभरही शाफ्टवर लटकू देऊ नका, प्लेटचा हब वाकतो आणि मग क्लच कायम थरथरत राहतो.

चालवण्याबद्दल थोडेच. घाटात गाडी थांबली तर हाफ क्लचवर तोलून धरू नका, हँडब्रेक ओढा आणि निघताना सोडा. गिअर बदलून झाला की डावा पाय पॅडलवरून खाली, जमिनीवर. "मी पाय ठेवत नाही" असे म्हणणाऱ्यांचे पॅडलचे रबर बघितले तर ते एका कोपऱ्यात गुळगुळीत झालेले असते. घाटात स्लिप सुरू झालीच तर बाजूला घ्या, अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या, पान्याने वायरचा नट थोडा सैल करा आणि खालच्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवून घरी या. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर दोन-चार मिनिटे स्लिप मारून थांबली तर काळजी नको, ते पाणी होते.

तुमच्या दोन्ही गॅरेजवाल्यांबद्दल आता बोलता येईल. ढिलाई शून्य असेल आणि नट सैल केल्यावर वाई-सुरूर रस्त्यावरच्या तपासणीत आवाज उडी मारत नसेल, तर दुसऱ्याचे खरे. तशी गाडी चालवा, दर पंधरा दिवसांनी ढिलाई मोजा. ती भराभर कमी होत असेल तर प्लेट काचाळून झिजतेय, मग सेट घालायची तयारी करा. ढिलाई 20 ते 30 असताना, वायर मोकळी असताना गाडी स्लिप मारते, किंवा नटाला आटेच उरले नाहीत, तर पहिल्याचे खरे. मग मात्र गाडी घाटात नेऊ नका. गावातल्या गावातही जितकी कमी चालवाल तितके फ्लायव्हील वाचेल. नवा सेट घातल्यावर पहिले पाचशे किलोमीटर ओझे भरून चढ टाळा, आणि त्यानंतर ढिलाई एकदा पुन्हा मोजा, कारण नवे अस्तर बसताना ती थोडी बदलते.

उद्या सकाळी, इंजिन थंड असताना, पट्टी पॅडलशेजारी उभी धरा. किती मिलिमीटर भरते आणि नटापुढे किती आटे दिसतात, हे दोन आकडे कळवा. पुढचे त्यावरून सांगतो.